पापणी का मिटली? : प्रथम वर्षाच्या अध्यापकांस अनावृत पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन हे विषय शिकविणाऱ्या अध्यापकवर्गास,



सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एकतीस वर्षे मेडिसिन शिकवून निवृत्त झालेला मी एक अध्यापक आहे. हे पत्र मी विद्यापीठाला, आयोगाला किंवा मंत्रालयाला न लिहिता आपणांस लिहीत आहे, याचे कारण असे की ज्या गोष्टीसाठी मी रदबदली करू इच्छितो ती कोणत्याही हुकुमाने घडून येणारी नाही. सकाळी नऊ वाजता दीडशे नव्या मुलांपुढे जो माणूस उभा राहतो त्याच्या मनाने घेतले, तरच ती घडेल. मुले आमच्या वॉर्डात येतात तेव्हा ती पुष्कळ शिकलेली असतात. परंतु रुग्णाच्या एखाद्या साध्या तक्रारीपाशी थांबून ‘हे असे का होत असेल?’ असे स्वतःला विचारण्याची सवय त्यांतल्या फार थोड्यांना लागलेली असते. ही सवय लावणे हे रुग्णालयातल्या आम्हा लोकांचे काम आहे, शरीररचनेच्या किंवा शरीरक्रियेच्या शिक्षकांचा त्याच्याशी संबंध नाही, असे मी नोकरीची निदान पहिली पंधरा वर्षे प्रामाणिकपणे मानीत होतो. ते मानणे चुकीचे होते, आणि त्या चुकीचा पुरावा माझ्याजवळ वास्तविक अध्यापक होण्यापूर्वीपासूनच होता. तो पुरावा म्हणजे एका बाईची हकीकत. ती प्रथम सांगतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण नुकता लागला होता, भातलावणी आटोपत आली होती, आणि एका तालुक्याच्या गावच्या सरकारी रुग्णालयात मी रात्रपाळीला होतो. पहाटे चारच्या सुमारास एका शेतमजूर बाईला तिच्या घरच्यांनी आणले. वय तिशीच्या आतबाहेर. रात्री जेवणखाण आटोपून ती घरातल्या सर्वांबरोबर जमिनीवर गोधडी टाकून झोपली होती, आणि अडीच-तीन वाजता पोटात कळा येऊ लागल्या म्हणून उठून बसली होती. मी पोट चाचपून पाहिले. ते मऊ होते. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, ताप नाही. केसपेपरवर आम्लपित्ताचे निदान लिहून मी तिला कळ शमविण्याचे इंजेक्शन दिले, खाटेवर निजविण्यास सांगितले आणि माझ्या खुर्चीत येऊन बसलो. तासाभराने तिचा नवरा समाधानाने सांगत आला, “साहेब, औषध लागू पडलं. झोप यायला लागली तिला, डोळे मिटतायत.” मी केसपेपरवर ‘ड्राउझी’ एवढा एक शब्द लिहिला आणि तो मिटून ठेवला. मग वॉर्डातली फरशी पुसणारी मावशी, जिला स्वतःची सही करता येत नव्हती, ती हातातले फडके तसेच घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “डागदर, ती बाई झोपत न्हाई. तिला डोळं उघडायचं हाईत, पन उघडत न्हाईत. कपाळाला आठ्या घालून बघतीया.”

मी उठून पाहिले. पापण्या बुबुळांच्या निम्म्यावर उतरल्या होत्या. ‘वर बघा’ म्हटले की कपाळ वर जाई, भुवया वर जात, पापण्या मात्र जागच्या हालत नसत. आवाज नाकातून येऊ लागला होता, आणि स्वतःची लाळ तिला गिळता येत नव्हती. अंगावर दंशाची खूण शोधली. कंदिलाच्या उजेडात नखशिखान्त शोधूनही ती सापडली नाही. परंतु आता खुणेची आवश्यकता राहिली नव्हती. पावसाळ्यातली रात्र, जमिनीवरची झोप, मध्यरात्रीनंतर उठलेली पोटदुखी आणि मिटत चाललेल्या पापण्या, एवढ्या चार गोष्टी ज्याने एकत्र पाहिल्या त्याला मण्यारीचे नाव घेण्यावाचून गत्यंतर नसते. प्रतिविष दिले, तोवर श्वास उथळ होत चालला होता. नळी घातली आणि अँबू बॅग हातात घेतली. तालुक्याच्या ठिकाणी तेव्हा कृत्रिम श्वासाचे यंत्र नव्हते. दोन दिवस आणि दोन रात्री ती रबरी पिशवी पाळीपाळीने दाबली गेली. मी दाबली, सिस्टरांनी दाबली, तिच्या दिराने दाबली, मावशीने दाबली. दुसऱ्या रात्री तिच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या आणि बॅटरीच्या झोताने त्या आकसत नव्हत्या. तेव्हा एक सहकारी तिच्या उशाशीच उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला की आता काही उरलेले नाही, पिशवी थांबवू या. नाडी चालू होती म्हणून आम्ही थांबविली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. ती बरी होऊन, स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली, आणि जाताना मला म्हणाली की ते बोलणे तिने ऐकले होते.

माझे अज्ञान येथे आडवे आले असे कोणी म्हणेल, तर मी ते नाकारीन. प्रथम वर्षाच्या शरीरक्रियेच्या परीक्षेत मज्जातंतू आणि स्नायू जेथे भेटतात त्या सांध्याची आकृती मी रंगीत पेन्सिलींनी काढली होती. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिनच्या पिशव्या, मधली फट, पलीकडचे ग्राहक, आणि काम झाल्यावर ॲसिटिलकोलिनचे विघटन करणारे वितंचक, या सर्वांना नावे दिली होती, आणि मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. वरची पापणी उचलणारा स्नायू कोणता, त्याला कोणत्या क्रमांकाची मस्तिष्कचेता जाते, आणि तो दुबळा झाला म्हणजे माणूस कपाळाचा स्नायू आखडून डोळा उघडण्याची धडपड करतो, हेही मी विच्छेदनाच्या टेबलावर शिकलो होतो. मावशीने जे पाहिले त्याचा अर्थ सांगणारी सारी विद्या माझ्या दप्तरी होती. नव्हता तो त्या पापणीपासून त्या आकृतीपर्यंत जाणारा रस्ता. तो कोणी मला काढून दिला नव्हता, आणि तो स्वतः काढावयाचा असतो हेही कोणी सांगितले नव्हते. आकृती प्रथम वर्षाच्या कप्प्यात होती, बाई रात्रपाळीच्या कप्प्यात होती, आणि मधल्या भिंतीला दार नव्हते.

माझी विनंती एवढीच आहे की हे दार प्रथम वर्षातच ठेवावे. नंतर ते पाडावे लागते, आणि पक्क्या झालेल्या भिंतीत दार पाडणे किती अवघड असते हे मी वॉर्डात एकतीस वर्षे पाहिले आहे.

यावर आपणांपैकी कित्येकांची हरकत काय असेल ती मला ठाऊक आहे, कारण ती मीही घेत असे. ज्या मुलाला अजून रोगांची नावे ठाऊक नाहीत, विकृतिशास्त्र ज्याने पाहिले नाही, औषधशास्त्राचे पुस्तक ज्याने उघडले नाही, त्याने निदानाचा विचार करावयाचा तो कशाच्या आधारावर? आधी धान्य कोठारात येऊ द्या, मग दळण सुरू करू. हा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो. परंतु निदान करणारा माणूस वस्तुतः विचार कसा करतो याचा अभ्यास ज्यांनी केला त्यांना काही निराळेच आढळले. आर्थर एल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विषयाचा मोठा तपशील आहे. अनुभवी वैद्य सर्व माहिती गोळा होईपर्यंत मन कोरे ठेवीत नाही. रुग्णाने बोलण्यास सुरुवात केल्यावर पहिल्या काही मिनिटांतच त्याच्या मनात दोनचार तर्क उभे राहतात आणि पुढचे प्रश्न तो त्या तर्कांना पारखण्यासाठी विचारतो. विद्यार्थीही हेच करतो. फरक तर्कांच्या दर्जात असतो, आणि तो दर्जा विषयाच्या ज्ञानावर अवलंबून असतो. त्यांना आणखी असे दिसले की एका प्रकारच्या रुग्णाच्या बाबतीत उत्तम विचार करणारा माणूस दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाच्या बाबतीत तितकाच उत्तम ठरेल याची शाश्वती नसते. म्हणजे ‘विचारशक्ती’ नावाचे एखादे सुटे हत्यार नाही, जे एकदा पाजळून कोणत्याही लाकडावर चालवावे. ज्ञान आणि तर्क हे एकत्रच वाढतात, आणि म्हणून एकाला आधी वाढवून दुसऱ्याला मागाहून जोडण्याचा बेत मुळातच फसतो.

याच कारणासाठी एक सावधगिरीची सूचना येथेच देऊन ठेवतो. ‘क्लिनिकल रिझनिंग’ या नावाचा स्वतंत्र विषय, त्याचे वेगळे तास, वेगळे लॉगबुक आणि वेगळ्या सह्या, अशी व्यवस्था कृपा करून निर्माण करू नये. तसे झाल्यास मुले त्या विषयाच्याही व्याख्या पाठ करतील.

आता हे प्रत्यक्षात कसे करावे. २०१९ साली प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून देशभर जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला रुग्ण दाखविण्याची, म्हणजे ‘अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर’ची, तजवीज केलेली आहे; म्हणजे तास आहेत, परवानगी आहे, नवा ठराव कोणाकडून मंजूर करून आणावयाचा नाही. परंतु त्या तासांत मुलांना वॉर्डातून फिरवून आणणे आणि खाटेवरचा यकृतविकाराचा रुग्ण दुरून दाखविणे एवढ्यानेच विचार सुरू होत नाही. त्यासाठी मी स्वतः निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या आठ वर्षांत जो प्रकार काही तुकड्यांबरोबर करून पाहिला, त्याचे मूळ नेदरलँड्समध्ये आहे. आम्स्टरडॅम येथे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, अजून वॉर्डात न गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत सुरू झाली, आणि पुढे उट्रेख्ट येथील ओले टेन काते यांनी सहकाऱ्यांसह २०१८ साली ती ग्रंथरूपाने मांडली. तिचे सार थोडक्यात असे : दहाबारा मुलांचा एक गट, एका रुग्णाची कैफियत तुकड्यातुकड्यांनी हाती येते, गटातल्याच दोनतीन मुलांनी ती आधी वाचून ठेवलेली असते आणि तीच त्या दिवशी गट चालवितात, अध्यापक बाजूला बसतो, अडले तर बोलतो, आणि व्याख्यान देत नाही. शेवटची अट पाळणे आम्हा अध्यापकांस सर्वांत जड जाते. पहिल्या दोन वर्षांत मला ती पाळता आली नाही.

माझी पहिली केस ती बाईच होती. पहिल्या कागदावर मी एवढेच लिहिले होते : ‘तीस वर्षांची शेतमजूर स्त्री. श्रावण महिना. रात्री जमिनीवर झोपली. पहाटे तीन वाजता पोटात कळा.’ प्रत्येकाने आपले तर्क आणि प्रत्येक तर्काचे कारण एका ओळीत लिहावयाचे, आणि ते लिहून झाल्याखेरीज दुसरा कागद उघडावयाचा नाही. मुले काय लिहीत? अपेंडिक्स, आम्लपित्त, मुतखडा, अन्नातून झालेली विषबाधा. आणि गावाकडून आलेला एखादा मुलगा, ज्याने असे काही घराशेजारी पाहिलेले असे, तो लिही : ‘फवारणीचे औषध घेतले असेल.’ दुसऱ्या कागदावर नवऱ्याचे शब्द जसेच्या तसे : झोप यायला लागली, डोळे मिटतायत. येथे मी मुलांना थांबवीत असे. ज्याला कळा येत आहेत तो माणूस झोपतो का? हा प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही. मावशीला तो पडला होता. आणि एकदा तो पडला की मुले आपण होऊन विच्छेदनाच्या टेबलाकडे वळतात. डोळा मिटणे आणि डोळा न उघडणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, त्यांचे स्नायू वेगळे, त्यांच्या चेता वेगळ्या. दोन्ही पापण्या एकदम उतरल्या आहेत, हातपाय अजून हलताहेत, ती हाकेला ओ देते आहे; मग बिघाड मेंदूत आहे, चेतेत आहे, स्नायूत आहे, की त्या दोहोंच्या सांध्यात? आपल्या विषयाची सगळी इमारत त्या एका प्रश्नापुढे उघडी होते.

तिसऱ्या कागदावर लाळ येत असे, आणि माझ्या अनुभवात या केसमधील सर्वांत मोलाची घटका हीच. फवारणीचे विषारी औषध प्यालेल्या माणसाच्या तोंडातून लाळ गळते, आणि मण्यार चावलेल्या माणसाच्या तोंडातूनही गळते. गावाकडच्या मुलाला वाटते आपण जिंकलो. मग बाहुल्या पहावयास सांगावे : औषध प्यालेल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू जागोजाग फुरफुरत असलेले, या बाईच्या बाहुल्या तशा नाहीत, स्नायू स्वस्थ आहेत. एकाला लाळ जास्त सुटते म्हणून गळते, दुसऱ्याला गिळता येत नाही म्हणून गळते. आता फळ्यावर सांध्याची तीच जुनी आकृती काढावी आणि मुलांनाच खडू द्यावा. कीटकनाशकाने वितंचक बंद पाडले, म्हणून ॲसिटिलकोलिन साचून राहिले. नागाच्या विषाने पलीकडचे ग्राहक अडविले. मण्यारीच्या विषाने मुख्यत्वे अलीकडचे, मज्जातंतूचे टोकच निकामी केले. डबाबंद अन्नातील बोट्युलिझमच्या विषाने पिशव्या रित्या होऊ दिल्या नाहीत. चार विपत्ती, एक आकृती, आणि प्रत्येकीचा हात निराळ्या जागी. ज्या मुलाने हे स्वतः मांडले त्याला मी पुढचा प्रश्न विचारीत असे : निओस्टिग्मिन वितंचकाला अडवून ॲसिटिलकोलिन टिकविते, ते नागदंशात गुण का देते, आणि मण्यारीच्या दंशात त्याच्यावर फारशी भिस्त का ठेवता येत नाही? प्रथम वर्षाच्या पाचव्या महिन्यातली एक मुलगी, आजही मला तिचा चेहरा आठवतो, फळ्याकडे थोडा वेळ पाहून म्हणाली, “सर, टिकवायला आधी बाहेर तर पडायला पाहिजे.” तिने औषधशास्त्राचे पुस्तक उघडलेले नव्हते. आणि त्या मुलीला हेही समजले की एकदा टोके निकामी झाल्यावर प्रतिविषाने पापणी लगेच उचलली जाणार नाही, ती टोके पुन्हा रुजेपर्यंत कोणी तरी पिशवी दाबीत राहिले पाहिजे, आणि बाहुल्या विस्फारल्या म्हणून माणूस संपला असे या विषात म्हणता येत नाही.

शेवटचा कागद म्हणून मी त्या सहकाऱ्याचे वाक्य आणि बाईचे वाक्य, दोन्ही लिहून ठेवीत असे. ते वाचल्यावर वर्गात कोणी बोलत नसे, आणि मीही बोलत नसे.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला जागा नाही. रुग्णाची जबानी मराठीत होते आणि विद्यार्थ्याचे ज्ञान इंग्रजीत साठविलेले असते. मधल्या तर्जुम्यात निदान सांडते. नवरा ‘झोप’ म्हणाला, मी ‘ड्राउझी’ लिहिले, आणि त्या शब्दाबरोबर बिघाड स्नायूच्या सांध्यातून उचलून थेट मेंदूत नेऊन ठेवला. केसपेपर वाचणाऱ्या पुढच्या माणसाला पापणी दिसण्याचा संभवच उरला नाही. ‘चक्कर’ हा शब्द घ्या. कोणाला भोवताल गरगर फिरताना दिसतो, त्याचा कान पहावा लागतो. कोणाच्या उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याचा रक्तदाब पहावा लागतो. कोणाचा चालताना तोल जातो, त्याचा लहान मेंदू. कोणाला नुसते डोके हलके वाटते. चौघेही ‘चक्कर येते’ असेच सांगतात. ‘गॅस छातीत चढला’ असे म्हणणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका आलेले किती असतात हे ज्याने ओपीडीत बसून पाहिले आहे त्याला मी अधिक सांगावयास नको. जॉर्ज बोर्डाज यांच्या अभ्यासांतून असे दिसून आले की चांगले निदान करणारे लोक रुग्णाची सैल भाषा जोडीजोडीच्या नेमक्या शब्दांत बसवून घेतात : एकाएकी की हळूहळू, एका बाजूला की दोन्ही, सतत की थांबून थांबून, प्रथमच की पुनःपुन्हा. हे काम प्रथम वर्षाच्या मुलाला रोगाचे एकही नाव ठाऊक नसताना करता येते, आणि मराठी मुलांना ते परप्रांतीय सहाध्यायांपेक्षा आधी करता येते. अभ्यासक्रमाच्या आरंभीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषा शिकविण्याची सोय आहे, तिचा याहून सार्थ उपयोग मला सुचत नाही.

रुग्णाचे बोलणे इतके महत्त्वाचे का, याला एक जुना दाखला आहे. १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हँप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० नव्या रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांपैकी ६६ जणांच्या बाबतीत, आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकीकत ऐकून जे निदान केले तेच अखेरपर्यंत टिकले. शारीरिक तपासणीने ७ जणांचे निदान बदलले आणि चाचण्यांनी ७ जणांचे. तेव्हापासून यंत्रे पुष्कळ आली. परंतु कोणती चाचणी मागवावयाची आणि तिच्या उत्तरावर किती विश्वास ठेवावयाचा, हे अजूनही हकीकतच ठरविते. जीवरसायनाच्या सहकाऱ्यांनी या बाबतीत एक प्रयोग करून पहावा. १९७८ साली हार्वर्डमध्ये ६० विद्यार्थी व डॉक्टरांना एक प्रश्न घालण्यात आला : हजारांत एकाला असणारा रोग आहे, निरोगी माणसांपैकी शेकडा पाच जणांत चाचणी चुकून होकार देते, रुग्णाबद्दल दुसरे काहीही ठाऊक नसताना चाचणीने होकार दिला, तर रोग असण्याचा संभव किती? बरोबर उत्तर फक्त ११ जणांना आले. सर्वांत जास्त लोकांनी शेकडा ९५ असे सांगितले. फळ्यावर हजार ठिपक्यांचा चौकोन काढून, एक ठिपका लाल करून आणि पन्नास निळे करून दाखविले म्हणजे खरे उत्तर शेकडा दोनच्या आसपास आहे हे अठरा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत उमगते. ज्या मुलाने ते ठिपके एकदा मोजले, तो पुढे तापाच्या प्रत्येक रुग्णाची एकच विडाल चाचणी करून तिच्या एका कागदावर टायफॉईडचा शिक्का मारावयास सहसा धजत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे वर्गातले खेळ; खऱ्या जगात याने काय साधते? मी कोकणाकडे बोट दाखवीन. लाल विंचवाच्या दंशाने तेथे मुले आणि माणसे मरत, आणि ती का मरतात याचा नीट उलगडा झालेला नव्हता. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना आणि पुढेही डॉ. हिंमतराव बावस्कर या रुग्णांच्या खाटेशी रात्रीच्या रात्री बसून राहिले. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, आणि मग फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला येणारा फेस, हा क्रम त्यांनी पुनःपुन्हा पाहिला, नोंदविला, आणि १९८२ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. विषाने शरीरातील स्वायत्त चेतासंस्था खवळून उठते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला तो भार पेलत नाही, असे एकदा नीट दिसल्यावर उपायही त्याच साखळीत शोधता आला : रक्तवाहिन्यांवरचे अल्फा ग्राहक अडविणारी प्राझोसिनची साधी गोळी. तिच्यामुळे या दंशाने होणारे मृत्यू विलक्षण घटले. या संपूर्ण विचारात, एका औषधाचे नाव सोडल्यास, असे काय आहे जे प्रथम वर्षाच्या शरीरक्रियेच्या पुस्तकात नाही? आरोग्य केंद्रात सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. पाहणारा डोळा होता, आणि त्या डोळ्यापासून पुस्तकातल्या आकृतीपर्यंतचा रस्ता वापरात होता.

परीक्षेबद्दल थोडेच लिहितो, कारण विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका आपणा-माझ्या हाती नसतात. परंतु अंतर्गत मूल्यमापन आणि प्रात्यक्षिकाच्या वेळची तोंडी परीक्षा ही संपूर्णपणे आपल्या अखत्यारीतील बाब आहे. ‘तिसऱ्या मस्तिष्कचेतेने कोणते स्नायू चालतात?’ याऐवजी ‘पापणी उचलता येत नाही आणि बाहुलीही मोठी झाली आहे, एकाच डोळ्याला असे आहे की दोन्ही, यावरून तुझा विचार कसा बदलेल?’ असे विचारावे, आणि मुलाचे उत्तर चुकले तरी त्याने दिलेले कारण सुसंगत असेल तर त्या कारणाला गुण द्यावेत. मुले फार लवकर ओळखतात की आपण कशाला मोबदला देतो. बरोबर उत्तरालाच तो मिळतो असे दिसले की ती शेजारच्याच्या कागदाकडे पाहू लागतात. कारणाला मिळतो असे दिसले की स्वतःच्या.

आणि एक गोष्ट, जी कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिता येत नाही. आपण चुकलो तेव्हा आपला विचार कोठे घसरला, हे मुलांपुढे मोठ्याने सांगावे. आमच्या पिढीच्या शिक्षकांनी आम्हांला आपली अचूक निदाने दाखविली. त्यांचा मी ऋणी आहे, परंतु ती निदाने आम्हांला आकाशातून पडल्यासारखी वाटत, आणि आपल्याला ते कधी जमणार नाही अशी खूणगाठ मनाशी बसे. पोट मऊ लागल्यावर मी विचार करणे का थांबविले, मनाला सोयीचे पहिले उत्तर मिळाल्यावर दुसरे शोधण्याचा कंटाळा कसा येतो, रात्री साडेचार वाजता तो कंटाळा किती जड असतो, हे मी जेव्हा प्रथम वर्षाच्या मुलांना सांगू लागलो तेव्हा ती आपले स्वतःचे चुकलेले तर्क लपविण्याचे सोडून मला दाखवू लागली. त्यानंतरच मला त्यांना काही शिकविता आले.

माझ्याजवळ अशा सहा केसेस कागदांच्या तुकड्यांत तयार आहेत : मण्यार, लाल विंचू, पावसाळ्यातला ताप व कावीळ, उभे राहताना येणारी चक्कर, श्वास लागणारी गरोदर बाई, आणि तळपायांना मुंग्या येणारा मधुमेही शिक्षक. रुग्णांचे शब्द मराठीत ठेवले आहेत, बाकीचा मजकूर इंग्रजीत आहे. ज्या विभागास त्या हव्या असतील त्याने कळवावे, मी नकला पाठवीन. आणि प्रकृती ठीक असेल तोवर पहिल्या तासाला स्वतः येऊन मागच्या बाकावर बसेन. माझी अट एकच राहील, की प्रत्येक मुलाने आपला तर्क आणि त्याचे कारण लिहून पूर्ण केल्याखेरीज पुढचा कागद कोणी उघडावयाचा नाही, अध्यापकानेसुद्धा नाही.



आपला,
एक निवृत्त वैद्यक-अध्यापक